अण्णांच्या मोरीतलं पावणं

शेजारचे चनबसाप्पा अण्णा शांत राहायला सांगत, ते आमच्या सातव्या गल्लीतून नवव्या गल्लीपर्यंत ऐकू जाई. "गप बसा की! पावणं गातंय!" या गर्जनेनं सर्वांत आधी पावणंच गप होई.

पोरांनो, हे पावणं म्हणजे त्यांच्या मागच्या मोरीतला रातकिडा.

अण्णांचं सारं आयुष्य कबनूरच्या यंत्रमागांत गेलं. पत्नी, गंगव्वा, वारल्यावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते राजारामपुरीत मुलाकडे राहायला आले. रोज संध्याकाळी आमच्या सामाईक कुंपणाशी उभे राहून ते माझी परीक्षा घेत.

"वैनी, कसा गातोय?"

"चांगला."

"प्रगतिपुस्तकागत 'चांगला' काय सांगता? जोरात का हळू?"

मग व्याख्यान. "गाणारा गडीच बरं का. गळा न्हाय त्याला, पंखावर पंख घासतोय. बायकू गप ऐकतीया आन् ठरवतीया. आमच्यातबी तसंच हुतं."

त्यांच्या सुनेला, सुनंदाला, हे पावणं मुळीच मंजूर नव्हतं. "मामंजी, मी फवारा मारणार. टीव्ही ऐकू येत नाही."

"मग टीव्हीला मार की फवारा!"

एकदा अण्णा जोतिबाला गेले होते, तेवढ्यात तिनं डाव साधला. संध्याकाळी अण्णा परतले. मोरीत औषधाचा वास आला, तसे कपाळावरच्या गुलालासकट कुंपणाशी आले.

"वैनी, हाय का गेला?"

"तुम्हीच ऐका की, अण्णा."

"मला कुठं ऐकू येतंय?" ते म्हणाले. "मागांनी कान खाल्लं. कुकर ऐकू येतो, सून तर येतीयाच. ह्यो बारीक आवाज तेवढा गेला. गंगव्वा उंबऱ्यात बसून ऐकायची आन् माझ्या तळहातावर बोटानं वाजवून दावायची. म्हणून तुमास्नी इचारतो."

मी कान दिला. रिक्षा गेली, कुणीतरी नळ बंद केला. आणि मग किर्र किर्र सुरू झालं, पण मोरीत नव्हे, कुंपणाच्या अलीकडे, माझ्या गवती चहाच्या बुडाशी.

"आहे! आमच्याकडे राहायला आलाय."

"श्याना हाय!" अण्णांची आरोळी बहुधा अकराव्या गल्लीत गेली. रातकिडा अर्थातच थांबला. आम्ही दोघं मुकाट उभे राहिलो. पुन्हा सुरू झाला, तेव्हा आवाज पार बदललेला होता.

"अण्णा, आता अगदी हळू वाजतोय. कुजबुजल्यासारखा."

अण्णांनी कुंपणाची सळई धरली. "म्हंजी ती आली. लांबनं हाक मारायची ती येगळी, जवळ आल्यावर बोलायचं ते येगळं. गंगव्वा सांगायची."

मी सळईच्या माझ्याकडच्या टोकाला बोटानं ताल धरला. टिक टिक, थांबून पुन्हा टिक. अण्णांनी डोळे मिटले. आतून सुनंदानं जेवायला हाक मारली. ती त्यांना नक्की ऐकू आली असणार, पण त्यांनी सळईवरचा हात काढला नाही.