जावई नावाची कीड

त्या रविवारी मी मेसेज टाईप न करता फोनला तोंडी सांगायचं ठरवलं. एवढंच. यापलीकडे माझा काही गुन्हा नाही.

आमच्याकडे महाडला पुराच्या धास्तीने किमती वस्तू वरच्या मजल्यावर ठेवतात. मी बागच वर ठेवली आहे. गच्चीत तेवीस कुंड्या आहेत. (त्यातल्या अकरांमध्ये झाडं आहेत. बाकीच्यांत आठवणी आहेत.) 'परसबाग परिवार' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी मात्र तज्ज्ञ समजला जातो. झालं असं की, कोणाच्या तरी वांग्यावर मावा पडला होता, मी सहज 'राख टाका' म्हटलं आणि मावा गेला. तेव्हापासून पोलादपूरच्या शाळेतला हेडक्लार्क उतेकर ग्रुपवर 'उतेकर सर' झाला. शाळेत मला शिपाईसुद्धा सर म्हणत नाही.

तर त्या रविवारी बिरवाडीच्या साहिलने विचारलं, "मिरचीची पानं आखडतायत. उतेकर सर, उपाय?"

माझा चष्मा दुरुस्तीला दिलेला. तो बुधवारी मिळणार होता. (तोवर ऑफिसात मी कशाकशावर सह्या केल्या, ते अजून बाहेर आलेलं नाही.) म्हणून आतल्या खोलीत पलंगावर आडवा होऊन मी फोनला सांगू लागलो. लसूण आणि मिरची वाटायची, पाण्यात कालवायची, गाळून फवारायची. सोपा उपाय.

त्याच वेळी पलीकडे स्वयंपाकघरात आमची मंजुळा तिच्या आईशी बोलत होती. सासूबाई वरंधला असतात. तिकडे रेंज कमी, त्यामुळे त्या इतक्या मोठ्याने बोलतात की फोन नसता तरी चाललं असतं. त्यात मंजुळाने स्पीकर लावलेला. विषय होता सुकटीचं, म्हणजे सुक्या मासळीचं, लोणचं.

मी सांगून संपवलं, अंदाजाने बटण दाबलं आणि झोपलो. उठल्यावर फोन डोळ्यांजवळ नेला तर मेसेजखाली अंगठेच अंगठे उमटलेले. तृप्त झालो.

बुधवारी चष्मा घेऊन पोलादपूरच्या एसटीत बसलो आणि स्वतःचा मेसेज पहिल्यांदा वाचला:

"लसूण मूठभर मिरच्या चार वाटून घ्या सुकट पावशेर गो चांगली बघून घे दोन लिटर पाण्यात कालवा गुळाचा खडा टाक आणि दोन दिस मुरू दे गाळून झाडावर फवारा जावई अजून लोळत हाय काय हाकल त्याला"

खाली चर्चा रंगलेली.

"सर, 'जावई' ही कुठली कीड?"

"पानावर लोळणारी अळी असावी. आमच्याकडे आहे."

"आमच्याकडेही आहे. दिवसभर खाते आणि हलत नाही."

"हाकलायची म्हणजे हाताने की काठीने?"

मेसेज पुसून टाकावा म्हणून बोट दाबून धरलं. पुसायची मुदत संपली होती. एवढ्यात साहिलचा नवा मेसेज पडला, "सर, चाळीस रोपांवर फवारलं. वास जबरदस्त!" आणि लगेच रेश्माताईंचा फोन आला. रेश्माताई म्हणजे आमच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिन. त्यांची गच्ची गुलाबांसाठी प्रसिद्ध. दहा-अकरा दिवसांनी ग्रुपचं पहिलं स्नेहसंमेलन त्याच गच्चीवर व्हायचं होतं.

"सर, सगळ्या गुलाबांवर फवारलंय," त्या म्हणाल्या, "पण गच्चीवर मांजरं आलीयेत."

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण 'सर' ऐकलं की माझी जीभ परस्पर चालायला लागते.

"येणारच. चांगलं लक्षण आहे," मी म्हणालो.

"हो का? किती यायला हवीत?"

"सात-आठ पुरे."

"अकरा आहेत!"

"मग उत्तमच!" असं म्हणून मी फोन ठेवला. शेजारी बसलेल्या बाईंनी पिशवी उचलली आणि त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

संध्याकाळी मंजुळाला सगळं सांगितलं. आधी ती पोट धरून हसली. मग एकदम गंभीर झाली.

"पावशेर सुकट झाडांवर? अहो, लोकांना खरं सांगा."

"सांगतो ना. योग्य वेळी."

"योग्य वेळ सकाळीच होती."

पुढचे दिवस मी ग्रुप उघडलाच नाही. रस्त्यात मांजर दिसलं तरी मान खाली घालून जात होतो. संमेलनाला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. मंजुळाने जायचं ठरवलं, म्हणून गेलो.

रेश्माताईंच्या गच्चीचा जिना चढतानाच वास आला. वर गेलो तर कठड्यावर मांजरं ओळीने बसलेली, जणू त्यांनाच आमंत्रण होतं. चार कुंड्या फुटलेल्या. मोगऱ्याच्या टोपलीत एक मांजरी व्यालेली. रेश्माताई हसतमुखाने पुढे आल्या, पण त्यांच्या दोन्ही हातांवर ओरखडे होते. आता जाहीर माफी मागायची, म्हणून घसा खाकरला.

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला. "त्यो उतेकर कोन गो?"

पोलादपूरकडच्या एका वाडीवरून प्रयागबाई आल्या होत्या. सत्तरीची बाई. सुनेच्या मोबाईलवरून सगळे मेसेज वाचून घेणारी. हातात मिरचीचं रोप. हिरवंगार, कळ्यांनी भरलेलं.

"ह्यी मिरची मेली व्हती बगा. उपटून टाकनार व्हते. तुमचं औशीद घातलं नि पालवी फुटली. कुत्रा बांधला व्हता, म्हनून मांजरांचा काय तरास नाय."

मग मी मांजरांवरून नजर काढून पहिल्यांदाच गुलाबांकडे पाहिलं. फुटायच्या राहिलेल्या कुंड्यांत प्रत्येक फांदीला तांबूस कोंब आले होते. साहिलनेही मोबाईलवर आपली रोपं दाखवली. लोक टाळ्या वाजवू लागले. आता माफी मागणं म्हणजे त्या टाळ्यांचा अपमानच झाला असता.

"मित्रहो," मी सुरुवात केली, "हे सूत्र म्हणजे अनेक वर्षांच्या प्रयोगांचं..."

"अहो," मंजुळा म्हणाली, "ते माझ्या आईचं सुकटीचं लोणचं आहे."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मांजरांच्यासुद्धा. मग तिने सगळं सांगितलं: चष्मा, स्पीकर, पलंग. पलंगाबद्दल जरा जास्तच सांगितलं.

साहिल विचारात पडला. "म्हणजे वहिनी, जावई ही कीड नाहीच?"

"आहे ना," मंजुळा म्हणाली. "आमच्या घरी एक आहे. काठीनेही हलत नाही."

प्रयागबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. रेश्माताईंनी माझ्याकडे बघितलं, ओरखड्यांकडे बघितलं, आणि मग त्याही हसत सुटल्या. तिथल्या तिथे ठराव झाला की यापुढे ग्रुपवर सल्ला मंजुळाताई आणि त्यांच्या मातोश्री काशीबाई देतील. रेश्माताईंनी शाल आणि नारळ आणला होता. तो कोणासाठी आणला होता हे मला माहीत होतं. तो माझ्या डोळ्यांदेखत मंजुळाला दिला गेला. सासूबाईंना फोन लावला, तेव्हा त्यांनी वरंधहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आशीर्वाद दिला आणि पुढच्या खेपेला गूळ जरा कमी घालायला सांगितलं.

"सर," रेश्माताई माझ्याकडे वळल्या. सर ऐकून मी सदरा नीट केला आणि मधोमध जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्या हातात त्यांचा मोबाईल दिला. "सगळ्यांचा एक फोटो काढता का?"

तो फोटो आता ग्रुपच्या डीपीवर आहे. मधोमध शाल पांघरलेली मंजुळा, शेजारी प्रयागबाई, मागे गुलाब, कठड्यावर मांजरं. मीही आहे त्यात. डाव्या कोपऱ्यात जो धुरकट अंगठा दिसतो ना, तो माझा.