सोहोनीकाकांचा न जुळणारा अँटेना

दर रविवारी सकाळी, अख्खं विकास नगर पहिला चहा तोंडाला लावत असताना आमच्या समोरच्या गच्चीवरून आरोळी उठते, "कितीऽऽऽ?" आणि त्याच घराच्या स्वयंपाकघरातून तितक्याच ताकदीचं उत्तर वर जातं, "एक पॉइंट आठऽऽ!"

नवीन माणूस पहिल्यांदा हे ऐकतो तेव्हा त्याचा कप हिंदकळतो. कोपऱ्यावरच्या भाडेकरूंना वाटलं, घरात कुणी तापाने फणफणलंय आणि डॉक्टर गच्चीवर बसतो. भाजीवाल्या भैयाने तर पहिल्याच रविवारी गाडी थांबवून, मान वर करून, भेंडीपासून दुधीपर्यंत सगळे भाव म्हणून दाखवले. 'किती' आणि 'कितना' यांत त्याला काही फार अंतर वाटलं नाही. वरून उत्तर आलं, "तुम्हें नहीं पूछा!" तेव्हापासून तो बिचारा रविवारी आमची गल्ली टाळतो.

वर ओरडणारे ते सोहोनीकाका. मूळचे मिरजेचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यात इंजिनियर म्हणून लखनौला आले आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. खालून ओरडणाऱ्या त्या सुलभाकाकू. आणि या दोघांच्या मध्ये जे काही लोंबकळतं तो काकांचा अँटेना.

काका हॅम आहेत. म्हणजे सरकारी परवाना घेऊन, हौसेखातर, घरच्या वायरलेसवरून जगाशी बोलणारे. मला सुरुवातीला याचं फार अप्रूप वाटलं. एकदा त्यांच्या शेजारी बसून मी ब्राझीलच्या माणसाशी झालेलं संभाषण ऐकलं. काका म्हणाले, "तुमचा आवाज स्वच्छ येतोय. माझा?" तो म्हणाला, "स्वच्छ." काकांनी विचारलं, "हवा कशी आहे?" तो म्हणाला, "ढगाळ." दोघांनी एकमेकांचे आभार मानले आणि रेडिओ बंद. मी म्हटलं, "काका, पुढे?" म्हणाले, "पुढे काय? ऐकू आलं ना!" पृथ्वीच्या पाठीवरून आवाज फिरवून आणायचा, आणि विचारायचं काय, तर ऐकू येतंय का. बरं, लखनौची हवा कशी आहे हे बघायला या गृहस्थांनी कधी खिडकी उघडलेली नाही.

पण बोलणं हा त्यांचा खरा छंद नव्हेच. खरा छंद अँटेना. पाण्याच्या टाकीला बांधलेल्या पाइपपासून जिन्यावरच्या खोलीला बांधलेल्या बांबूपर्यंत तांब्याची एक लांब तार ताणलेली आहे, मधोमध तिला जोडलेली केबल खाली उतरते. काकूंनी हॉलमध्ये रेडिओला थारा दिला नाही, म्हणून तो स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यांशेजारी बसतो.

या तारेवर काकांचा जेवढा विश्वास आहे तेवढा माणसांवर नाही. "माणूस खोटं बोलेल, अविनाश, तार खोटं बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. काकूंना तारेवर साड्या वाळत घालायला बंदी आहे. एकदा त्यांनी घातलीच, तर काका धापा टाकत खाली आले, "अगं, ओल्या नऊवारीने माझी लांबी वाढली!" दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, जमघटला, सगळं लखनौ पतंग घेऊन गच्चीवर चढतं आणि निम्मे पतंग काकांच्या तारेवर येऊन टेकतात. दुसरा कुणी चिडला असता. काकांनी पतंगांसकट जपानला हाक मारली, आणि जपानी माणूस म्हणाला म्हणे की आज तुमचा आवाज जरा रंगीत येतोय. त्याहून मोठी गोष्ट माकडाची. एक दांडगा हुप्प्या तारेला लटकून झोके घेत असताना बल्गेरियाचा कुणीतरी इतका खणखणीत ऐकू आला, की काका महिनाभर गच्चीवर केळी ठेवत होते. माकडं आली. बल्गेरिया काही परत आला नाही.

आता त्या रविवारच्या आरोळीविषयी. रेडिओला एक मीटर जोडलेला असतो. आपण हवेत जे सोडतो त्यातलं किती खरंच हवेत गेलं आणि किती तारेवरून आपल्याच अंगावर परत आलं, हे त्याचा काटा दाखवतो. काटा एकावर म्हणजे सगळं गेलं, अँटेना जुळला. दोन-तीनवर म्हणजे बोललेलं बरंचसं परत. (हा मीटर मी आमच्या बँकेत लावला तर मी हेड ऑफिसला पाठवलेल्या पत्रांनी काटा मोडून बाहेर पडेल.) जुळवायचं कसं? काकांनी वर तारेचं टोक चिमूटभर कापायचं आणि बाजूला व्हायचं, काकूंनी खाली बटण दाबायचं, काटा बघायचा आणि ओरडायचं. पुन्हा कापायचं, पुन्हा ओरडायचं.

मी एकदा सुचवलं, "काका, मोबाइलवर बोला ना दोघं. घसे तरी वाचतील." काकांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी देवळात चपला घालून शिरलोय. "रेडिओवाल्याने फोन करायचा? स्वतःच्या बायकोला?"

आम्ही या कॉलनीत आलो तेव्हापासून हे कापणं चालू आहे. माझा एक साधा हिशेब होता. दर रविवारी चिमूटभर धरली तरी एव्हाना त्या तारेची दात कोरायची काडी व्हायला हवी होती. पण ती आपली टाकीपासून जिन्यापर्यंत तशीच, तेवढीच. मी हे काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तांबं उन्हाने वाढतं हो." लखनौचं ऊन बघता मलाही ते पटलं.

कॉलनीला मात्र काहीच पटत नव्हतं. कमिटीचे सेक्रेटरी श्रीवास्तवजी. कुणाच्या पायावर स्कूटर घालतील तर "ज़हमत हुई आपको" म्हणतील असा माणूस. त्यांच्या बैठकीत एकेक फिर्याद निघाली. कुणाची दाराची घंटा आपोआप वाजते. कुणाच्या वायफायला सर्दी होते. शुक्लाजींचा मेहुणा परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाला, तोही याच तारेमुळे. वर्माभाभींचा गाजराचा हलवा तळाला लागला, तो कसा लागला हे सांगायला भाभी स्वतः आल्या होत्या. आणि सगळ्यांची एकच मुख्य तक्रार, इतवारची झोप.

मग सगळं शिष्टमंडळ काकांच्या दारात. श्रीवास्तवजींनी छातीला हात लावला. "सोहोनी साहब, गुस्ताख़ी माफ़. आपका शौक़ सर आँखों पर. बस इतनी इल्तिजा है कि या तो इसे मुकम्मल कर लीजिए, या उतार लीजिए. इस इतवार तक."

"मुकम्मल?" काका एकदम पांढरे पडले. उतरवण्याचं ऐकून नव्हे, पूर्ण करण्याचं ऐकून. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

मी मराठी, वर बँकवाला, म्हणून अँटेना पूर्ण झाला की नाही हे ठरवायला कमिटीने मलाच पंच नेमलं. मला अँटेनातलं काय कळतं, असं मी म्हणालो. "पंच के लिए यही तो चाहिए," श्रीवास्तवजी म्हणाले.

तो जेठातला रविवार. त्याच आठवड्यात मारुतीचा बडा मंगल होऊन गेला होता, गल्लोगल्ली भंडारे, पुरी-सब्जी आणि बर्फाचं सरबत. काकूंनी प्रत्येक मांडवाचा मान राखला होता, आणि त्यांचा आवाज पार बसला होता. मी पोचलो तेव्हा काका जिन्याच्या पायरीवर अडून बसले होते.

"आज नको. हिचा आवाज नाही."

"काका, आज शेवटचा दिवस आहे. गेटवर सगळे उभे आहेत. मी वाचतो ना काटा!"

"तू?" त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुझा आवाज वरपर्यंत येणार का?"

माझा आवाज चारबाग स्टेशनला पोचतो, असं आमची ही म्हणते. काका नाइलाजाने चढले. मी डाळीच्या डब्यांसमोर उभा राहिलो. शेजारी काकू, गळ्याला मफलर, लखनौच्या जूनमध्ये.

"कितीऽऽऽ?"

मी बटण दाबलं. काटा जागेवरून किंचित हलला आणि एकाच्या आकड्याला टेकून शहाण्यासारखा उभा राहिला. मला इतका आनंद झाला की ब्राझीलपर्यंत जाईल अशी आरोळी मी फुप्फुसात भरली. तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं. मान जोरजोरात हलवली आणि दोन बोटं वर केली.

"दोन?" मी म्हटलं. "काकू, अहो, एक आहे!"

दारामागून आवाज शोधून आणावा तशा काकू कुजबुजल्या, "दोन सांगा. जुळला म्हटलं की ते खाली उतरतील. खाली आले की पेपर. पेपर संपला की झोप." त्या थांबल्या, पाण्याचा घोट घेतला. "पोरगी मेलबर्नला गेली तेव्हापासून खाली आम्ही काही बोलतच नाही हो. वर गेले की तेवढं विचारतात तरी."

मेलबर्नच्या पोरीचा फोन रविवारी दुपारी येतो, हे मला माहीत होतं. "आवाज येतोय का?" "येतोय. तुझा?" "येतोय." "जेवलीस?" आणि संपलं. त्या घरात सगळेच हॅम.

"कितीऽऽऽऽ?" वरून पुन्हा.

"दोनऽऽ!" मी ओरडलो.

"वाटलंच मला! कापतो थोडं!"

काकूंनी माझ्या हातात काकांसाठी ताकाचा तांब्या दिला आणि तोंडावर बोट ठेवलं. "त्यांना सांगू नका."

मी वर गेलो. काका टाकीच्या सावलीत पाटावर मांडी घालून बसले होते. तारेचं टोक त्यांच्यापासून चांगलं दहा हात लांब. हातात पक्कड, आणि ती पक्कड ते आरामात हवेत मिटत होते, कट्, कट्, कट्. ऐकणाऱ्याला वाटावं की तांबं कापलं जातंय. मांडीवर तळहाताएवढं एक नवंकोरं यंत्र होतं, चकचकीत पडद्याचं.

मला बघून त्यांनी त्यावर टोपी ठेवली. मग काहीतरी विचार करून टोपी उचलली.

"हे खालच्यापेक्षा अचूक आहे," ते म्हणाले. "चढल्या चढल्या आधी हेच जोडून बघतो. जुळलेला आहे तो. कधीचाच."

"मग काकू दर रविवारी एक पॉइंट आठ म्हणतात ते..."

"ती म्हणते ना? मग तेवढाच." त्यांनी ताक एका दमात संपवलं, मिशा पुसल्या. "नाहीतर दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही तिच्या. रविवारी खिडकीशी येते, ओरडते, लाल होते. बरं दिसतं." आणि मग नेहमीच्या साहेबी आवाजात, "खाली बोलायचं नाही, काय? तिला वाटतं मला कळत नाही."

दोन्ही मजल्यांचं गुपित पोटात घेऊन मी जिना उतरलो. पंच म्हणून नेमलेला माणूस इतका फुगलेला कुणी पाहिला नसेल.

गेटवर श्रीवास्तवजी रुमालाने घाम टिपत उभे होते, मागे शुक्लाजी, वर्माभाभी आणि सगळी झोपमोड झालेली जनता. "तो साहब, मुकम्मल?"

"दो," मी गंभीरपणे म्हणालो.

"यानी?"

"यानी बहुत काम बाक़ी है."

"तो फिर उतरवा दीजिए."

"ज़रूर," मी म्हटलं, आणि देवाने मला जी एकच विद्या दिली आहे ती कामाला लावली. मी त्यांना समजावलं की अधुरी तार उतरवणं म्हणजे आकाशाला चिडवणं. गेले कित्येक पावसाळे आपल्या कॉलनीवर वीज का पडली नाही, हे कुणी विचारलंय का? काका तारेला दर आठवड्याला हात लावतात म्हणून. त्या हाताने वीज बावचळते आणि थेट शेजारच्या जानकीपुरमकडे वळते. तार पूर्ण झाली की विजेला इथे काही अडथळा नाही. उतरवली तर आमंत्रणच. आणि मान्सून तोंडावर आलेला.

शुक्लाजींचं घर सगळ्यात उंच. त्यांनी हळूच गच्चीकडे पाहिलं. वर पक्कड कट् कट् वाजत होती.

"जानकीपुरम?" श्रीवास्तवजींनी विचारलं. तिथे त्यांचे व्याही राहतात. ते क्षणभर विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "तो साहब, काम रुकना नहीं चाहिए."

तेव्हापासून एखाद्या रविवारी काकांना जरा उशीर झाला तर श्रीवास्तवजी बाल्कनीत येऊन काळजीने विचारतात, "आज चल रहा है न?"

काकूंचा आवाज परत आला आहे. कालच्या रविवारी मी आमच्या गॅलरीत कप घेऊन बसलो होतो. समोर सगळं यथासांग चाललं होतं.

"कितीऽऽऽ?"

"एक पॉइंट आठऽऽ!"

कट्, कट्, कट्.

"आता कितीऽऽऽ?"

"एक पॉइंट सातऽऽ!"

मग पक्कड थांबली. काकू खिडकीबाहेर मान काढून वर बघत राहिल्या.

"आणि तुझा गुडघा कितीऽऽऽ?"

काकूंनी पदराला हात पुसले. जरा विचार केला.

"दोन पॉइंट पाचऽऽ!"

"एवढा?" वर पाट सरकल्याचा आवाज झाला. "तेल गरम कर. उतरतो मी."