अंगुस्तान न लागणारा शिंपी

अंगुस्तानाशिवाय हातशिलाई करणारा शिंपी तुम्ही पाहिलाय? नाही ना? मग मला बघा! सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती धातूची टोपी मी कधीच खणात टाकून दिली होती. टोचतच नाही तर टोपी कशाला? आयुष्यभर एकच काम केलं की बोटंसुद्धा शहाणी होतात, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होतो.

दुसरी फुशारकी पोटाची. वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून डॉक्टरीणबाईंनी माझ्या जठराची इवलीशी पिशवी केली होती. वर्षभर मी व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतल्या, रक्तही तपासलं. पुढे कंबर मापात बसली आणि दोन्ही बंद. आता रोज सकाळी कमरेला टेप लावायची. टेप बरोबर, तब्येत बरोबर!

"अहो, त्या गोळ्या जन्मभर घ्यायच्यात," बायको म्हणायची.

"कपडा बसल्यावर कच्चे टाके ठेवतं का कुणी? उसवायचे!"

"तुम्ही काय कपडा आहात?"

मी ऐकतोय कसला! हल्ली चप्पल पायातून निसटायची आणि मला दहा पावलं पुढे गेल्यावर कळायचं. पायही बारीक झाले, असं म्हणून मी खुशीत लहान मापाची चप्पल आणली.

मग एके दिवशी वकीलसाहेब घाईघाईत आले. कोटाचं अस्तर सुटलं होतं आणि तारीख डोक्यावर होती. मी गप्पा मारत झरझर टाके घातले. त्यांनी कोट उचलला आणि दाराकडे निघाले. मीही निघालो!

"मास्तर, तुम्ही कुठे?"

"कोण जाणे! हात चाललाय."

बघतो तर काय, माझ्या बोटाची कातडी अस्तराला शिवलेली! पांढऱ्या अस्तरावर रक्ताचा डाग, आणि मला साधी मुंगी चावल्याइतकंही कळलं नव्हतं. वकीलसाहेब मटकन स्टुलावर बसले. बायकोने कात्रीने दोरा कापला.

डॉक्टरीणबाईंनी टाचणी हातात घेऊन मला डोळे मिटायला सांगितलं.

"टोचा की," मी म्हटलं.

"मास्तर, केव्हाचं टोचतेय."

बाई म्हणाल्या, "इतक्याशा जठरातून बी-बारा अंगी लागत नाही. गोळ्या सोडल्यात, नसा उपाशी राहिल्या. टेपला हे कसं कळणार? ते रक्तातच कळतं."

"हात परत येतील ना? दुसरं काही येत नाही हो मला."

"बरेचसे येतील. सगळं येईल असं वचन देत नाही."

परत येताना मी आधी औषधाच्या दुकानात शिरलो. मला भीती वाटत होती, खरी भीती.

इंजेक्शनं सुरू झाली, गोळ्या सुरू झाल्या, रक्ताच्या तारखा बायकोने पाठ करून ठेवल्या. मी रोज काज करायला बसायचो आणि बोटाकडे डोळे लावून टाका घालायचो. आणि एका दुपारी, "आई गं!"

बायको आतून धावत आली. "काय झालं?"

"टोचली! अगं, सुई टोचली!"

तिने माझं बोट दोन्ही हातांत धरलं आणि रडायला लागली. मग मलाही राहवेना. दोघं दुकानात उभे राहून ढसाढसा रडलो.

दारात वकीलसाहेब उभे होते, अस्तर बदलायचा कोट घेऊन. बराच वेळ उभे असावेत. त्यांनी कोटाची हळूच घडी घातली.

"राहू दे मास्तर," ते म्हणाले, "मी अंगुस्तान वापरणारा शिंपी बघतो."