कोऱ्या कागदाची भीड

“ऑक्शन? त्यात काय एवढं! गिरावीन उपनगरातल्या आमच्या गणपतीत पाचशे माणसांचं जेवण सांभाळलंय मी!” असं अवधूत छातीठोकपणे म्हणाला आणि तिथेच अडकला.

म्हणाला कोणाला, तर बॅरोनेस मार्गोला. एरवी ही बाई दातांची डॉक्टर. पण सुट्टीच्या दिवशी सिडनीबाहेरच्या मैदानावर मध्ययुग भरवणाऱ्या हौशी मंडळींची बॅरोनेस, म्हणजे मुख्य सरदारीण. चिलखतं चढवायची, एकमेकांना तलवारींनी बडवायचं आणि शेकोटीवर शिजवून खायचं, हा त्यांचा छंद. अवधूत त्यांच्यात नवा. वादळात मंडळाचा मोठा तंबू फाटला, म्हणून नव्यासाठी सायलेंट ऑक्शन ठरलं. म्हणजे आरडाओरडा नाही. सभासदांनी दान केलेल्या वस्तू टेबलांवर, प्रत्येकीपुढे एक कागद. ज्याला हवी त्याने नाव आणि आकडा लिहायचा, पुढच्याने त्याच्या वर चढायचं. शिंग वाजलं की शेवटचं नाव ज्याचं, वस्तू त्याची. “खोडाखोड चालणार नाही!” ही पाटी अवधूतनेच रंगवली, तीही झोकदार अक्षरात.

सकाळी वीसेक वस्तू मांडून झाल्या आणि त्याचा जीव कासावीस झाला. सगळे कागद कोरे! ज्यांनी प्रेमाने वस्तू दिल्या त्यांना काय वाटेल? आरतीचं तबक फिरवताना आपण आधी त्यात स्वतःचं नाणं नाही का टाकत? रिकाम्या तबकाकडे बघून कोणाचा हात खिशात जातो! झालं, अवधूतने पेन काढलं आणि प्रत्येक कागदावर आपलं नाव लिहून पुढे एकशे एक डॉलर ठोकले. अकराच लिहिणार होता, पण चिक्कूपणा दिसला असता.

दुपारी तो ऐटीत चक्कर मारायला आला. चिलखत: अवधूत. खाली काही नाही. नक्षीदार लाकडी कमोड: अवधूत. फ्रीजरमधला अख्खा मेंढा: अवधूत. आणि हा गडी जन्माचा शाकाहारी!

 त्याच्या खात्यात डिसेंबरच्या पुण्याच्या तिकिटांचे पैसे होते, तेवढेच! नाव खोडावं तर समोर ती पाटी. त्याने एका दाढीवाल्या नाइटला, म्हणजे मंडळातल्या तलवारबाज वीराला, गाठलं.

“ग्रेग, हे चिलखत बघ! काय चकाकी, काय वजन!”

“शोभेल तुला, मेट!”

“अरे, मला नकोय! तूच घे ना!”

“नो वरीज, मेट. आम्हाला कळतं.” ग्रेग डोळा मारून निघून गेला.

काय कळतं? अवधूत घामाघूम होऊन मार्गोकडे धावला.

“लाजू नकोस,” ती म्हणाली. “तू आठवडाभर राबलायस आणि आमच्या प्रत्येक वस्तूवर तुझा जीव जडलाय! मी सगळ्यांना बजावलंय, तुझ्या वर कोणी आकडा लिहायचा नाही. नाइटचा शब्द!”

तिचे डोळे पाणावले होते.  “थँक यू,” अवधूत म्हणाला. 

तेवढ्यात त्याची बायको कौमुदी वेस्टमीड हॉस्पिटलची शिफ्ट संपवून पोचली. त्याने तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

“अक्कल आहे का तुला? अशी कसली भीड? लिलाव आहे हा, सत्यनारायण नाही! चल, मी सांगते त्या बाईला.”

कौमुदी तरातरा निघाली. मागोमाग अवधूत, जिवात जीव आलेला. वाटेत शेवटचं टेबल लागलं. त्यावर पिंजऱ्यात दोन जिवंत हंस आणि शेजारी हातात टोपी धरून एक म्हातारा. बिचारा उशिरा आला होता, त्यामुळे त्याचा कागद अवधूतच्या तावडीतून सुटलेला.

“घरचेच आहेत,” म्हातारा हळूच म्हणाला. “वाटलं होतं, कोणीतरी घेईल.”

कौमुदी थबकली.

“चल ना! शिंग वाजेल!” अवधूत कळवळला.

“अरे, पण कागद कोराच आहे रे! किती वाईट वाटत असेल त्यांना! एक आकडा पडला की घेईल कोणीतरी.” आणि तिने पेन उचलून ठसठशीत लिहिलं: कौमुदी, एकशे एक.

शिंग वाजलं.

म्हाताऱ्याने टोपी डोक्यावर चढवली, पिंजरा उचलला आणि विचारलं, “गाडी कुठे लावलीय तुम्ही?”