साळवेकाकांच्या टीव्हीची किल्ली

आमचे शेजारी साळवेकाका रोज संध्याकाळी सहाला आपल्या टीव्हीच्या शटरला कुलूप घालत आणि किल्ली माझ्या हातात देत. "ठेव. मागितली तरी द्यायची नाही. पाया पडलो तरी नाही." सव्वासहाला दारावर टकटक. "अरे, फक्त हवामान!"

नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमधला पहिला टीव्ही त्यांचा. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी त्याच्यापुढे बैठक मारली ती मारलीच. घरात तुळशीचं रोप नाही, पण खतांचे कार्यक्रम बघत. प्रक्षेपण बंद पडून 'व्यत्यय' अशी पाटी आली, की तीही बघत. कुसुमकाकूंनी काहीही सांगितलं तरी उत्तर एकच, "हं."

त्या 'हं'नंच घात केला. रविवारी सकाळी लेकीला बघायला मंडळी येणार, हे काकूंनी आठवडाभर सांगितलं. काकांनी आठवडाभर 'हं' केलं. रविवारी नेहमीसारखी पौराणिक मालिकेला अख्खी बिल्डिंग त्यांच्या खोलीत. काकू आणि लेक आत पोहे करून वाट बघताहेत. पाहुणे आले, दारातल्या ढिगात त्यांनी चपला काढल्या. बनियनवर बसलेले काका मान न वळवता म्हणाले, "बसा, बसा. पुढे सरका, मागच्यांना दिसत नाही." पाहुणे सरकले. मालिका संपल्यावर गर्दीबरोबर उठले आणि गर्दीबरोबर निघून गेले. माझ्या मांडीला मांडी लावून नवरामुलगा बसला होता, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी निरोप आला, जमणार नाही. दुसऱ्या दिवशी काकू लेकीला घेऊन कल्याणला भावाकडे गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "हे खोकं सुटलं की कळवा."

तेव्हापासून रोज सहाला ही किल्ली माझ्याकडे. बातम्यांच्या वेळी काका माजिवड्यापर्यंत चालत जाऊन येत. खुर्चीचं तोंड त्यांनी दाराकडे फिरवलं. तांदूळ निवडत, निवडलेले पुन्हा निवडत. बोटं मात्र स्वस्थ बसत नसत. शर्टाचं बटण टीव्हीच्या बटणासारखं पिळत राहायची. दोन बटणं तुटली, ती मीच लावून दिली. खरं सांगतो, मला या माणसाचा वैताग आला होता. पण टकटक हळूहळू कमी झाली, मग थांबलीच.

एका शनिवारी पुन्हा टकटक. मी दार उघडता उघडताच ओरडलो, "किल्ली मिळणार नाही!"

"किल्ली नको रे. उद्या कुसुम यायचीय." काका आत येऊन बसले, उठले, परत बसले. "जरा सवय करू दे मला. तू कुसुम हो. बोल काहीतरी."

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "अहो, आज बाजारात वांगी फार महाग होती."

'हं' अगदी ओठांवर आलं होतं. काकांनी ते गिळलं. बराच वेळ बटण पिळत बसले.

"मग... तुला कुठली भाजी आवडते गं?"

आणि लगेच माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "एकतीस वर्षांत विचारलंच नाही रे. आता विचारलं, तर चिडणार नाही ना ती?"