फॉर्मवर पुढचं दार

ती बातमी आली त्या गुरुवारी मी कौन्सिलच्या काउंटरवर एका बाईंच्या कुत्र्याची नोंदणी करत होतो. रंग कोणता लिहायचा यावरून आमचं जमत नव्हतं. बाई म्हणत होत्या सोनेरी. कुत्रा तिथेच उभा होता आणि तो सरळसरळ पिवळा होता. मी पिवळा लिहिलं. (येर्डलिनच्या कौन्सिलमध्ये मी एकतीस वर्षं कारकून आहे. फॉर्मवर एकदा लिहिलं की तेच खरं, हे मी या गावाला शिकवलंय. हे लक्षात ठेवा, पुढे माझ्याच अंगाशी येणार आहे.) तेवढ्यात मागच्या खोलीतल्या रेडिओने क्रिकेट थांबवलं आणि सांगितलं की व्हिक्टोरियातून आपल्या राज्यात येणाऱ्या प्रत्येकाने आता चौदा दिवस क्वारंटाइनमध्ये राहायचं.

माझी मुलगी इमोजेन त्या वेळी मेलबर्नला, म्हणजे व्हिक्टोरियातच, मावशीकडे होती.

बाईंचा कुत्रा दारातून बाहेर पडायच्या आत तिचा फोन आला. ती पर्थला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहाने कळवलं होतं की चौदा दिवसांचा स्वच्छ कागद असल्याशिवाय आत घेणार नाही. आणि जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी तिचं इस्पितळातलं प्रशिक्षण सुरू होणार होतं. ते चुकलं की पुन्हा पुढच्या वर्षी. नर्सिंगचं तिने आईच्या आजारपणात ठरवलं होतं, तेव्हा वर्ष जाणं म्हणजे काय हे मला तिने समजावून सांगायची गरज नव्हती.

"पर्थला हॉटेलात राहते मी, बाबा," ती म्हणाली.

"घर असताना हॉटेल?" मी म्हणालो. "घरी ये."

नियम असा होता की जो तिच्याबरोबर घरात राहील, त्यानेही चौदा दिवस स्वतःला डांबून घ्यायचं. मी रजा मागितली. साहेबांनी ती इतक्या आनंदाने दिली की मला जरा लागलंच.

मग फॉर्म आला, अकरा पानांचा. मी आयुष्यभर दुसऱ्यांना फॉर्म भरायला लावले, त्यामुळे मी तो अक्षर सुबक काढून भरला. तेविसावा प्रश्न होता : पोलीस तपासणीला येतील तेव्हा आपण कोणत्या दाराशी हजर राहाल?

आता आमच्या गावात पुढचं दार कोणी वापरत नाही. असतं प्रत्येक घराला, पितळी कडीसकट, पण सगळे येतात ते मागून, कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून, जाळीचं दार ढकलून. पुढचं दार वाजवणारे दोनच. एक धर्माची पुस्तकं वाटणारे आणि दुसरे व्हॅक्यूम क्लीनर विकणारे. ते वाजलं की घरातल्या माणसांनी बोलणं थांबवायचं आणि पावलं लांब जाईपर्यंत श्वासही बेतानेच घ्यायचा, हे इथल्या मुलांना चालायच्या आधी येतं.

मी लिहिलं : पुढच्या. सरकार पहिल्यांदाच घरी येणार आणि त्याला दोरीवर वाळणाऱ्या माझ्या चड्ड्यांखालून वाकून यायला लावायचं, हे मनाला पटेना.

उन्हाळ्यात आमचं पुढचं दार उघडत नाही, हे त्या वेळी आठवलंच नाही, असं मी इमोजेनला नंतर सांगितलं. (आठवलं होतं.) आमचं घर चिकणमातीवर आहे. पाऊस असला की माती फुगते आणि दार लोण्यासारखं सरकतं. डिसेंबर आला की माती तडकते, घर एका अंगाला झुकतं आणि दार चौकटीत असं बसतं की जणू तिथेच उगवलंय. माझी बायको नोएलीन ते कमरेच्या एका धक्क्याने उघडायची. मला तो धक्का कधी जमला नाही. इस्पितळात जाण्याआधी तिने फ्रिजवर माझ्यासाठी नऊ कामांची यादी लावली. नववं काम होतं : पुढचं दार, रंधा मारणे. ती गेली जुलैत. भर पावसाळा होता. तिला नेलं तेव्हा दार सहज उघडलं.

इमोजेन आली. मी तिला अंगणातच मिठी मारली. नियमात मिठीबद्दल काय आहे ते मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्वयंपाकघरात चहा पीत होतो. बाहेर बेचाळीस अंश. पुढचं दार वाजलं.

मी टेबलाखाली गेलो. विचार वगैरे काही केला नाही. शरीरच गेलं. इमोजेन माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने कपही खाली घेतला, इतकी ती इथली आहे. दार पुन्हा वाजलं. मी ओठांवर बोट ठेवलं. चिकाटीचा प्रचारक दिसतोय, मी खुणेने म्हणालो. तिसऱ्यांदा वाजलं आणि मग गाडी गेल्याचा आवाज आला. आम्ही बाहेर आलो आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखी ती माझ्याकडे पाहायला लागली.

"बाबा," ती म्हणाली, "तेविसावा प्रश्न."

संध्याकाळी हवालदार ट्रेंबाथचा फोन आला. गावाला पोलीस एकच, आणि हा महिन्यापूर्वी शहरातून आलेला. चाळिशीचा, बारीक मिशीचा, अतिशय सभ्य. तो म्हणाला की घरात कोणी नव्हतं अशी नोंद झाली आहे. अशा दोन नोंदी झाल्या की मुलीला पर्थच्या हॉटेलात हलवतात आणि चौदा दिवस पहिल्यापासून मोजतात. आम्ही टेबलाखाली होतो, असं मी त्याला सांगितलं. ते त्याने मला दोनदा सांगायला लावलं.

इमोजेनचं म्हणणं होतं की आत्ताच्या आत्ता दार बदलून मागचं कळवावं. मी नाही म्हणालो. बदल कळवायला वेगळा फॉर्म, त्याला मंजुरी, आणि मंजुरी येईपर्यंत कुठलंच दार खरं नाही, हे मी आतून जाणतो. हे झालं कारण. पण खरं सांगायचं तर मला रागही आला होता. या घराचं कुठलं दार उघडायचं आणि कधी, हे पर्थच्या कुणीतरी मला सांगावं? लिहिलंय ना पुढचं, मग पुढचंच. पुढचे नऊ दिवस मी त्या दाराला खांदे दिले, गुडघे दिले, कडेने लोणी लावलं. दाराला काहीही झालं नाही. माझ्या खांद्याला झालं.

"रंधा मार ना मग," इमोजेन म्हणाली.

"मारतो," मी म्हणालो.

या काळात आम्हाला जेवू घातलं ते शेजारच्या कोरल पॅस्कोने. कोरल एकाहत्तर वर्षांची, नोएलीनची जिवाभावाची. ती रोज मागच्या पायरीवर ओव्हनमधलं मटण-बटाट्याचं भांडं ठेवायची, दोघांना पुरून सहांना उरेल एवढं. परत पाठवलं तर तिला वाईट वाटतं, म्हणून मी संपवायचो. (ही माहिती पुढे लागणार आहे.)

बाराव्या दिवशी मात्र तिने लिंबाच्या वड्या केल्या होत्या आणि त्या उन्हात विरघळल्या असत्या. ती तीस वर्षं येते तशी जाळीचं दार ढकलून आत आली, फ्रिज उघडला, वड्या ठेवल्या आणि खुर्ची ओढून बसली.

मी भिंतीला पाठ लावून तिला हात हलवून जायला सांगितलं. पाहुण्यांना सक्त बंदी आहे, म्हणालो.

"पाहुण्यांना ना?" कोरल म्हणाली. "मग मी काय पाहुणी आहे?"

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. कोरल शिताफीने टेबलाखाली गेली.

मी आणि इमोजेन पुढच्या खोलीत धावलो. दाराच्या जाड काचेतून ट्रेंबाथची टोपी दिसत होती. मी कडी काढली, ओढलं. दार जागचं हललं नाही. मी मोठ्याने सांगितलं की आम्ही आहोत, दोघंही आहोत, दार तेवढं जरा हट्टी आहे. तो म्हणाला काही हरकत नाही, मी मागून येतो.

मागे कोरल होती. कोरल दिसली असती तर नियमभंग आणि नियमभंग म्हणजे सोमवार गेला.

"मागून नको," मी म्हणालो. "फॉर्मवर पुढचं दार आहे."

त्याने समजूतदारपणे सुचवलं की मग शेजारच्या खिडकीतून चेहरे दाखवले तरी त्याचं भागेल. इमोजेनने लगेच एका खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि नमस्कार केला. इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. पण मी कारकून. वसतिगृहाच्या बाईंसमोर माझ्या मुलीचा कागद जाणार आणि त्यावर 'खिडकी' असा शेरा? असे शेरे कसे वाचले जातात ते मला माहीत आहे. मीच वाचत आलोय.

"मी दाराशी हजर राहणार असं लिहून दिलंय," मी म्हणालो, "आणि मी दाराशी हजर राहणार." आणि दुसरी खिडकी वर सरकवून मी बाहेर पडायला लागलो.

डोकं गेलं. खांदे गेले. मग बारा दिवसांचं मटण-बटाटा चौकटीशी आलं आणि तिथेच थांबलं.

ट्रेंबाथने दोन पावलं लांबून मला सल्ले दिले. श्वास सोडा. डावीकडे वळा. मी जांभळा पडायला लागलो तसा त्याने हातमोजे चढवले, देवाचं नाव घेतलं आणि माझे दोन्ही हात धरून ओढलं. त्याच क्षणी मागून मला कोणीतरी ढकललं.

ट्रेंबाथ ओढायचा थांबला. त्याने शेजारच्या खिडकीतल्या इमोजेनकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पलीकडे, जिथून आवाज येत होता.

"पोट आत घे रे, डेस," आवाज म्हणाला. "नोएलीन असती तर एका धक्क्यात काढला असता तुला."

आणि मी निघालो. सगळाच्या सगळा, एकदम, ट्रेंबाथच्या अंगावर. आम्ही दोघं पुढच्या दाराच्या पायपुसण्यावर पडलो. त्याची टोपी माझ्या पोटाखाली होती. माझ्या रिकाम्या खिडकीतून कोरल बाहेर डोकावली आणि तिने त्याला लिंबाची वडी हवी का म्हणून विचारलं.

त्याने खिशातून वही काढली. मला कळलं की सोमवार गेला. मी उभा राहिलो आणि म्हणालो की चूक माझी आहे, दार माझं आहे, मला कुठे न्यायचं तिथे न्या, पण पोरीच्या कागदाला हात लावू नका. हे मी फार ताठ मानेने म्हणालो. (पायजम्याची नाडी खिडकीत राहिली होती, ते मला नंतर कळलं.)

इमोजेन शांत होती. तिची आई अशीच शांत व्हायची आणि मग मी हरायचो.

"साहेब," ती ट्रेंबाथला म्हणाली, "अकरा पानं मी वाचलीत. नवव्या पानावर आहे. जो आत येतो किंवा आतल्या माणसाला हात लावतो, त्याचे चौदा दिवस सुरू होतात. जो आतच होता त्याचे पुन्हा सुरू होतात असं कुठेही लिहिलेलं नाही."

ट्रेंबाथने गाडीतून फॉर्म आणला आणि हिरवळीवर बसून नववं पान दोनदा वाचलं. मग बोटाने ओळ धरून तिसऱ्यांदा.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. मग त्याने आपल्या हातमोज्यांकडे पाहिलं. "म्हणजे माझे सुरू झाले."

"माझेही," कोरल खिडकीतून म्हणाली. "बरं झालं. विणकाम राहिलंय."

जाण्याआधी त्याने वहीत नोंद केली : दोघेही पुढच्या दाराशी हजर. खोटं काहीच नव्हतं. तो माणूस मला त्या क्षणापासून आवडतो.

कोणी आजारी पडलं नाही. शनिवारी माझे आणि इमोजेनचे चौदा दिवस संपले, ट्रेंबाथने आपल्या घराच्या खिडकीतून तिचा कागद सही करून दिला, आणि रविवारी ती पर्थच्या बसमध्ये बसली, मागच्याच दाराने निघून, डब्यात लिंबाच्या वड्या घेऊन. सोमवारी सकाळी तिने गणवेशातला फोटो पाठवला. तो मी फ्रिजवर लावला, यादीच्या शेजारी.

आता गावातला एकमेव पोलीस कोंडलेला, तेव्हा त्याची तपासणी कोणी करायची असा प्रश्न आला. पर्थहून कळलं की स्थानिक कौन्सिलच्या कर्मचाऱ्याने करावी. मी गेलो. हाका मारल्या, मागचं जाळीचं दार वाजवलं, दहा मिनिटं उन्हात थांबलो आणि घरात कोणी नाही अशी नोंद केली. तो इस्त्रीचा गणवेश घालून सकाळपासून पुढच्या दारात उभा होता.

ती नोंद मला खोडता येत नाही. फॉर्मवर एकदा लिहिलं की लिहिलं.

परवा इमोजेनच्या कॉलेजने, पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत लागलेच तर असावेत म्हणून, तेच क्वारंटाइनचे फॉर्म आत्ताच पाठवले. तोच तेविसावा प्रश्न. तिने फोनवर मला बजावलं की या वेळी मागचं लिही. मी पुढचं लिहिलं, सुबक अक्षरात. यादीतली आठ कामं झाली आहेत. रंधा मी विकत आणून ठेवलाय. दार अजून तसंच आहे.