फोटोचं टायमिंग

आलेल्या प्रत्येक पत्राला तवनाप्पा मगदूम यांनी आयुष्यभर उत्तर दिले होते, एक सोडून. ते पत्र गेल्या वर्षी मुंबईच्या एका वाहिनीकडून आले. कोल्हापुरातील एका फोटो स्टुडिओच्या शोकेसमधला त्यांचा फ्रेम केलेला फोटो वाहिनीने विकत घेतला असून, 'खिदळे आणि मंडळी' या विनोदी मालिकेत तो दिवंगत आजोबा म्हणून भिंतीवर लावण्यात येत आहे, असे त्यात कळवले होते. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे. न कळवल्यास संमती गृहीत धरण्यात येईल. शेवटी आपल्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा होत्या.

तवनाप्पांनी चौतीस वर्षे जयसिंगपूरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढली होती, आणि निवृत्तीनंतर ते कोल्हापुरात राहत होते. उत्तर लिहिणे त्यांना जड नव्हते. जड होते ते पाठवणे. पहिला मसुदा फार चिडका झाला. दुसऱ्यात गयावया आली. तिसरा बरा होता, पण सहा पानांचा, आणि मुद्दा पाचव्या पानावर. चौथ्या वेळी त्यांना वेगळीच शंका आली. आपण जिवंत आहोत हे इतके ठासून सांगणारा माणूस स्वतःला फार समजतो, असे तर मुंबईच्या लोकांना वाटणार नाही? या विचारात पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता तवनाप्पा वारले. मालिकेचा पहिला भाग त्याच वेळी लागला.

मालिका चालली. खिदळ्यांच्या घरात रोज कुणीतरी घोटाळा करी, चंदनाचा हार घातलेल्या फोटोपुढे येऊन हात जोडी, आणि फोटो एका बाजूला कलंडे. मग हसण्याचा आवाज येई. शंभर भागांत फोटो एकदा आमटीत पडला, एकदा भंगारवाल्याने नेला, आणि एकदा चुकून दुसऱ्याच्याच तेराव्याला मांडला गेला.

घरात सगळे हसत. मुलगा ऋषभ हसे, सून हसे, बायको विजयमाला तर पदर तोंडाला लावून हसे.

"आवं, फोटोत किती गप बसलाईसा बघा," ती म्हणे. "घरात कधी असं बसत न्हाईसा."

गावात मात्र प्रकरण वाढले. गंगावेशीत दूध कट्ट्यावर, गिऱ्हाइकासमोर म्हशी पिळतात तिथे, पिराजी गवळी त्यांना बघून धार काढता काढता थांबला.

"आवो गुरुजी! तुमी हाईसा व्हय? काल आमच्या मंडळीनं टीव्हीला हात जोडलं की!"

"आहे, आहे," तवनाप्पा ओशाळून म्हणाले.

"मग प्या की पोटभर. तिकडं म्हशी न्हाईत."

पुढच्या आठवड्यात चौकात बारा फुटी फ्लेक्स लागला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये तवनाप्पा, खाली बारीक अक्षरात मालिकेची वेळ. त्याच दुपारी दोघे पाहुणे भेटायला आले. दार तवनाप्पांनीच उघडले. पाहुण्यांनी त्यांच्याकडे बघितले, मान खाली घातली आणि विचारले, "घरात कोण हाय का?"

तेव्हा तवनाप्पांनी धीर करून वाहिनीला फोन लावला. तिसऱ्या दिवशी वाहिनीच्या संवेदनशीलता विभागाच्या अधिकारी संयोगिता मॅडम स्वतः आल्या. त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली, वाकून नमस्कार केला आणि फाईल उघडली.

"आपण हयात आहात?"

"बहुतेक," तवनाप्पा म्हणाले.

"मग प्रकार गंभीर आहे. वृद्धांवर विनोद करायचा नाही, हे आमचं धोरण आहे. कवळी, काठी, कानाचं यंत्र, विसरणं, सगळं वर्ज्य. ज्येष्ठांना भावना असतात."

"आणि मेलेल्यांना?"

"त्यांच्याकडून अजून एकही तक्रार आलेली नाही." त्यांनी पान उलटले. "एकशे बारा भाग आम्ही आपल्याला मृत समजून लोकांना हसवलं. तोवर तो निखळ विनोद होता. आपण जिवंत असाल तर तो ज्येष्ठ नागरिकाचा अपमान होतो. आपण आम्हाला फार अडचणीत आणलंत, सर."

तवनाप्पांनी माफी मागितली.

"शिवाय आमच्याकडे सही आहे. आपलं उत्तर न आल्यानं संमती गृहीत धरली होती. पण मृताची संमती चालत नाही, वारसाची लागते." त्यांनी एक फॉर्म पुढे केला. मृताशी नाते: मुलगा. सही ऋषभची होती.

ऋषभ दारातच उभा होता. "अण्णा, तुमी लिवून लिवून फाडत बसलासा. त्येंचा दोनदा फोन आला. फॉर्मात दुसरा रकानाच न्हवता. म्हटलं, अण्णा न्हाई कशाला म्हनतील? तुमी कधी कशाला न्हाई म्हटलंय?"

हे खरे होते, म्हणूनच ते लागले.

मॅडमकडे एक तोडगा होता. मालिकेत आजोबा जिवंत परत आणायचे. मेल्याची बातमी चुकीची होती, असे दाखवायचे. म्हणजे अपमानाचा प्रश्नच मिटला. फक्त हयात आजोबा चाचणीत उत्तीर्ण व्हायला हवेत. चाचणी तिथेच, हॉलमध्ये झाली. आधी टीव्हीवर फोटो कलंडलेला दाखवला. घर हसून लोळले. मग तवनाप्पांना खुर्चीत बसवून एक वाक्य म्हणायला सांगितले.

तवनाप्पांनी घसा साफ केला. "अरे, मी गेलो नाही, इथेच आहे. कुणी चहा देता का?"

कुणी हसले नाही. विजयमाला उठली.

"आवं, पाठ सरळ करा आधी. मग दुखती म्हणून कण्हत बसतासा. थांबा, आणते चहा."

मॅडमनी नोंद केली. "हास्य शून्य. काळजी एक."

"काळजी चालत नाही का?" तवनाप्पांनी विचारले.

"काळजी साडेआठच्या मालिकेत असते. आमची वेळ आठची आहे." मग त्या जरा मवाळ झाल्या. "वाईट वाटून घेऊ नका, सर. आपण माणूस म्हणून चांगले आहात. पण फोटोचं टायमिंग फार चांगलं आहे."

जाताना त्यांनी नियम सांगितला. वारसाची सही असली तरी खुद्द मृताची लेखी हरकत आठ दिवसांत पोस्टात पडल्यास फोटो उतरवावा लागेल, आणि मग मालिका बंद. न पडल्यास आजोबा दिवंगतच राहतील, यापुढे कायमचे.

"बघा, सर. लाखो घरांचं हसू आहे."

सात दिवस तवनाप्पा लाखो घरांचा विचार करत राहिले. एका माणसाच्या असण्यासाठी इतक्यांचे हसू घालवायचे का? आपण तसेही घरात कितीसे असतो? आठव्या दिवशी संध्याकाळी सगळे हॉलमध्ये जमले. मालिका सुरू झाली. तवनाप्पांना तहान लागली. गुडघा धरला होता, म्हणून त्यांनी बसल्या जागेवरून पाणी मागितले.

कुणी वळले नाही. त्यांनी पुन्हा मागितले.

"थांबा की अण्णा," ऋषभ टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "आता तुमचाच सीन हाय."

फोटो माशांच्या टाकीत पडला. घर हसले.

तवनाप्पा खुर्चीचा हात धरून उठले. आत जाऊन स्वतः पाणी घेतले, पूर्ण तांब्या प्यायले, आणि टेबलाशी बसले. या वेळी मसुदा केला नाही.

"महोदय,

आपल्या गेल्या वर्षीच्या पत्रास उत्तर. माझी हरकत आहे. फोटो उतरवावा.

उतरवणे शक्य नसल्यास, प्रत्येक भागाआधी पुढील सूचना मोठ्या अक्षरात दाखवावी: या मालिकेतील मृत आजोबा काल्पनिक आहेत. आपल्या घरातले आजोबा, असल्यास, खरे आहेत. ते या क्षणी आपल्या मागे बसले असून त्यांनी मघाशी पाणी मागितले होते.

कळावे."

पाकिटावर त्यांनी वाहिनीचा पत्ता लिहिला. मग पाठवणाऱ्याच्या जागी पेन थबकला. हयात माणसाच्या नावाआधी 'श्री.' लावतात, पण स्वतःच्या नावाआधी स्वतः लावू नये. तो उद्धटपणा दिसतो, असे त्यांनी चौतीस वर्षे वाचकांना सांगितले होते.

त्यांनी 'श्री.' लिहिले. दोनदा गिरवले. मग चप्पल घालून, लंगडत, चौकातल्या फ्लेक्सखालून ते पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि पाकीट आत टाकले.